तीनदा चुकलं की बंद

कुलूप मीच चुकीचं बसवलं आणि चोर म्हणून अक्कांकडे बोट दाखवलं.

अक्का म्हणजे आमच्या चादरीच्या कारखान्यातल्या डिझायनर. घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि संगणक अडला की त्याच्याशी जे बोलायच्या ते इथे लिहिता येत नाही. त्यांनी काढलेली नक्षी ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर राहायची. मागाच्या शेडमधला संगणक अक्कांच्याच खात्यातून ती उचलायचा. सर्व्हर सांभाळायला मी. 'सांभाळायला' हा शब्द मालकांचा. हल्ली ते वापरत नाहीत.

दसऱ्याच्या तोंडावर बाजारात दुसऱ्याच कुणाची एक चादर सापडली. मोर आमचा, फक्त मान उलटी. मालकांनी ती माझ्या टेबलावर टाकली. "डिझाईन बाहेर चाललंय. कुणाचं काम हाय ते बघा." संशय घेण्याचा पगार मिळणार म्हटल्यावर मी सोडतो होय?

खंडेनवमीला माग बंद, सगळे पूजेच्या गडबडीत. मला रान मोकळं. अक्कांच्या खात्याचा पासवर्ड बदलून त्यांच्या कानात सांगितला. वर नियम घातला: पासवर्ड तीनदा चुकला की खातं बंद. किती वेळानं उघडायचं, तिथे शून्य टाकलं. म्हणजे लगेच उघडेल, कामाचा खोळंबा नको. आणि खातं बंद झालंय हे पडद्यावर दाखवायचं नाही, नुसतं 'पासवर्ड चुकीचा' म्हणायचं, हेही सर्व्हरला बजावून ठेवलं. चोराला कशाला कळू द्या?

दसरा झाला, माग सुरू झाले आणि सर्व्हर अक्कांना आत घेईना. पासवर्ड चुकीचा म्हणे.

"सर, तुमी सांगितलेलाच घालतेय की ओ."

मी स्वतः टाकून पाहिला. चुकीचा. नवा करून दिला. तोही चुकीचा. कुलूप पडलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण शून्य! मग उरलं कोण? माणूस. मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "अक्काच आतून काहीतरी फिरवतायत."

"बाई माझ्या वडलांच्या वेळेपासून हायत."

"तेच तर. घरचा माणूस. सगळी दारं ठाऊक." हे वाक्य मला फार आवडलं होतं.

मालकांनी पेन खाली ठेवलं. "असं असंल तर उद्यापासनं येऊ नका म्हणावं लागंल. पण आधी खात्री करा. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलंय."

खात्री करायला सर्व्हरची नोंद उघडली. दार कोण कोण वाजवतं हे तो स्वतःच टिपून ठेवतो. अक्कांच्या नावानं मिनिटामिनिटाला कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकत होतं, तेही कारखान्यातूनच. "फोनवरून करतायत," मी म्हणालो. आम्ही दोघं केबिनच्या काचेला नाक लावून उभे राहिलो. अक्का समोर डबा उघडून बसलेल्या. एका हातात कांदा, दुसऱ्यात भाकरी आणि शेंगाचटणी. फोन टेबलावर पालथा. आणि नोंदीत टकटक चालूच.

शहाण्या माणसानं इथे माघार घेतली असती. मी म्हणालो, "साथीदार आहे."

टकटकीचा माग काढला तो निघाला शेडचा. मालकांनी वॉचमनची काठी उचलली.

"कुटं निघाला ओ?" अक्कांनी विचारलं.

"चोर धरायला."

"थांबा, हात धुते. मीबी येते."

मागांच्या खडखडाटात आम्ही तिघं दबकत कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे माणूस नव्हता. होता फक्त संगणक. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात सुकलेला झेंडू, डोक्यावर आपट्याची पानं. खंडेनवमीला पूजेसाठी तो बंद ठेवला होता. हार घातलेल्या यंत्राला हात कशाला लावा, म्हणून नवा पासवर्ड मी त्याला दिलाच नव्हता. दसऱ्यानंतर कुणीतरी त्याचं बटण दाबलं, तेव्हापासून तो बिचारा जुनाच पासवर्ड घेऊन नक्षी मागायला सर्व्हरच्या दारात जात होता. तिसऱ्या खेपेला कुलूप पडलं, आणि अक्का बाहेर राहिल्या. मी तिथेच मोबाईलवर त्या सेटिंगची माहिती काढून वाचली. आधी वाचायची असते ती. शून्य म्हणजे लगेच नव्हे. शून्य म्हणजे कुणी हातानं काढेपर्यंत कुलूप निघतच नाही.

मागांच्या आवाजात ओरडून मला ते मालकांना सांगावं लागलं. "तीनदा चुकलं की बंद! मीच ठेवलं होतं तसं!"

मालकांनी काठी भिंतीला टेकवली. "आन मोर?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "मोर काय, आपली चादर इकत घेऊनबी काढता येतो म्हणा." मग अक्कांकडे वळून, माझ्यादेखत, मी सकाळपासून काय काय म्हणालो ते पहिल्यापासून सांगितलं. काहीही गाळलं नाही.

अक्कांनी हारातलं एक वाळकं फूल काढून माझ्या हातात दिलं.

"आतून फिरवते. फोनवरनं करते. साथीदार हाय. तीनदा चुकलं की ओ सर तुमचं. आता तोंड बंद करा."