न बघता केलेली सही

बोरिवलीच्या ज्या इस्पितळात मी फिजिसिस्ट आहे, तिथे मंगळवारच्या मीटिंगला सगळे 'चहा' म्हणायचे. खरं तर ती कॅन्सरच्या रुग्णाला किरण देण्याआधीची शेवटची तपासणी. एक डॉक्टर स्कॅनवर रेघा मारून ठरवतो, किरण कुठे द्यायचे, कुठे टाळायचे. त्यावरून आम्ही फिजिसिस्ट प्लॅन तयार करतो. मग दुसऱ्या डॉक्टरने तो उघडायचा, नीट बघायचा आणि सही करायची. आमच्याकडे उघडणं आणि बघणं केव्हाच गळून पडलं होतं. सही तेवढी उरली होती.

त्या मंगळवारी गोराईच्या एका मावशींचा प्लॅन होता. मासळी विकणाऱ्या, गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या. प्लॅन माझ्या सहकाऱ्याने केला होता, यंत्रावरची चाचणी झकास पास झाली होती. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात शिकताना आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली: यंत्र सांगितलेल्या जागी किरण देतं, ती जागा बरोबर आहे का हे त्याला कळत नाही. मी मावशींचे रिपोर्ट काढले. शेवटचा रिपोर्ट उशिरा आला होता. कॅन्सर मानेतल्या खालच्या गाठींपर्यंत पोचला होता. रेघा मात्र जबड्याखालीच थांबल्या होत्या.

"सर, मानेचा खालचा भाग राहिलाय," मी सही करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना म्हटलं.

"अगं, रेघा त्याने मारल्यात ना? तो काय आज शिकतोय? उद्या सुरू करायचंय तिला. पुढचा घे." पेन टेकलंसुद्धा.

"तुम्ही स्कॅन उघडलाच नाहीत."

त्यांनी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. "तू फिजिसिस्ट आहेस," ते म्हणाले. "यंत्र सांभाळ. मान आम्ही बघतो."

"बघताय कुठे, सर?"

प्लॅनवर फिजिसिस्टचीही एक सही लागते. ती मी केली नाही. तिच्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. बाहेर येऊन रेघा मारणाऱ्या डॉक्टरला फोन लावला. तो तेव्हा मुलुंडच्या ओपीडीत होता. त्याने तिथूनच फाइल उघडली. "अरे यार. रिपोर्ट नंतर आला गं, माझ्याकडून बघायचा राहिला. थांबव सगळं." रात्री घरी जायच्या आधी येऊन त्याने रेघा नव्याने मारल्या. त्याच्यावर माझा राग नाही. चूक कुणाचीही होते, म्हणून तर दुसरे डोळे लागतात. राग आहे तो मिटलेल्या डोळ्यांनी सही करणाऱ्यावर.

सकाळी मावशी सुनेला घेऊन फेरीबोटीने आल्या. काउंटरवर त्यांना सांगितलं, "मशीन बंद आहे." आतून मशीनचा आवाज बाहेर ऐकू येत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मावशींना बाजूला बसवलं आणि खरं ते सांगितलं: तुमच्या प्लॅनमध्ये एक जागा राहिली होती, आता दुरुस्त करतोय, चार दिवस लागतील.

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आणि बघितलं नसतंस तर?"

सून रडायला लागली, तिला मावशींनीच गप्प केलं.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. पेशंटला घाबरवलं म्हणून. मोठ्या डॉक्टरांचा चारचौघांत अपमान केला म्हणूनही. "असं बाजूला घेऊन सांगायचं असतं, मॅडम." मी म्हटलं, चारचौघांत सांगता यावं म्हणूनच ती मीटिंग आहे. बाजूला घेऊन सांगायचं असेल तर चार जण बोलावता कशाला?

मावशींचे उपचार नीट पार पडले. अजून तपासणीला येतात, बऱ्या आहेत. मीटिंगमध्ये आता प्रत्येक स्कॅन भिंतीवरच्या पडद्यावर उघडावा लागतो. एवढ्यासाठी मला तीन वेळा लेखी भांडावं लागलं. मोठे डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, ते ठीक आहे. पण परवा एका नव्या डॉक्टरने जरा वेळ घेऊन प्रश्न विचारला, तर घड्याळाकडे बघून म्हणाले, "हिची हवा लागली वाटतं तुला."

लागू दे. सगळ्यांनाच लागू दे.