माझ्या हातची फक्की

"ए, खाली उतर! कठड्यावर हंडा ठिवू नको," विहिरीचे मालक तात्या ओरडले. "तिकडं लांब ठिव. गडी भरून दील."

मी हंडा लांब ठेवला. गड्यानं बादली आणली, हंड्याला लागणार नाही अशी वर धरली आणि ओतली. निम्मं पाणी मातीत गेलं.

आम्ही नुकतेच ऊसतोडीवरून परतलो होतो. पाथर्डीच्या अंगाला डोंगराखाली आमची वस्ती. तिथला हातपंप नुसता खडखडत होता, आणि तात्यांच्या विहिरीत पायऱ्या बुडेपर्यंत पाणी. अंगणात त्यांची सून पाइपानं जीप धूत होती. माझ्याच वयाची. नुकतीच न्हालेली, केस मोकळे. खोटं कशाला बोलू, अपमानाआधी मला तिचा हेवा वाटला. तिच्या ओल्या पायांचा हेवा वाटला. पलीकडच्या डाळिंबांवरही मी जळले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पडत होता आणि माझी पोर अर्धा तांब्या पुरवून पीत होती.

त्यात ते पाणी माझ्या हातचं.

गेल्या उन्हाळ्यात गावानं श्रमदान केलं. ए-फ्रेम माझ्याकडे दिली. दोन काठ्यांचे पाय, मधे आडवी काठी, वरून दोऱ्याला टांगलेला दगड. दोरा बरोबर मधे थांबला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुन्याची फक्की टाकायची आणि त्या रेषेवर चर खणायचा. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, "बाईंची नजर पक्की आहे." मी फुगले. महिनाभर डोंगरावर फक्की टाकत फिरले. तात्या सगळ्यांना सांगायचे, "गावाचं पानी हाय."

मी दोराच बघत राहिले. आपण खणतोय तो उतार कुणाच्या विहिरीकडे जातो, हे मान वर करून पाहिलं नाही. सगळे चर तात्यांच्या अंगाला पडले. पाऊस चरात थांबला, मुरला आणि त्यांच्या विहिरीत उतरला. आमच्या अंगाला एकही चर नाही. फक्की माझी, चूकही माझीच.

हंड्याच्या त्या प्रसंगानंतर आठवड्यानं तात्यांचा निरोप आला. यंदाही श्रमदान, अजून चार ओळी मारायच्यात. कठड्याला माझा हंडा चालत नव्हता. फक्कीला माझा हात चालत होता.

मी गेले. कुदळी घेऊन गाव जमलं होतं. पहिली ओळ कुणीतरी नुसत्या अंदाजानं आधीच टाकून ठेवली होती, त्याच उताराला. मी ती पायानं पुसली.

"काय करती गं?"

"यंदा आमच्या अंगाला चर पडनार, तात्या."

"तुमच्याकडं हीर तरी हाय का?"

"न्हाई. आदी पानी मुरू द्या. हीर आमी खांदू."

"लई माज आलाय तुला."

"व्हय, आलाय."

ए-फ्रेम खांद्यावर टाकून मी आमच्या उताराकडे निघाले. वस्तीतल्या सात बायका मागून आल्या. बाकीचं गाव तात्यांचं तोंड बघत उभं राहिलं. त्या दिवशी आमचा एकच चर झाला, तोही अर्धा.

हेवा गेलेला नाही. त्यांचा पंप सुरू झाला की अजून पोटात आग पडते. पडू दे. आमच्या वस्तीला पाणी लागेपर्यंत त्यांच्या उताराला माझ्या हातची फक्की पडणार नाही. ए-फ्रेम माझ्या घरात दारामागं उभी आहे. तात्यांचा गडी दोनदा मागायला आला. दोन्ही वेळा मी त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवला.