लाल अक्षरांतले निरोप

अंबडच्या कोर्टासमोरच्या आपल्या दुकानात अजमतभाई वर्षानुवर्षं टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. घरात उर्दू, पण शाळा मराठी. त्यामुळं मराठीवर हात चांगला बसलेला. कॉम्प्युटर आले तशी गिऱ्हाइकं तुटली. तेव्हा शाळेतला जोडीदार वसंताच धावून आला. तो पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत होता. त्यानं एक जुना कॉम्प्युटर पाठवला, शिकवलाही आणि २००६ साली काम दिलं. नर्सिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरताना काही चुकलं, की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी निरोप येत. ते मराठीत करायचे होते. अजमतभाईंनी डिक्शनरी काढली. इनव्हॅलिड म्हणजे अवैध. झरझर काम उरकून त्यांनी पाठवून दिलं.

वेबसाइट सुरू झाली आणि चतुराबाई आपल्या लेकीला, शेवंताला, घेऊन फॉर्म भरायला दुकानात आली. अजमतभाईंनी नाव टाकलं, ‘कु. शेवंता’. बटण दाबलं. शेवंतानं मोठ्यानं वाचलं, "नाव अवैध आहे."

चतुराबाई ताडकन उठली. "माझी लेक अवैध? रीतीनं लगीन लावून आलेली बाई हाय मी! चल गं, न्हाई भरायचा यांचा फॉर्म."

अजमतभाईंनी धावत जाऊन दोघींना रस्त्यात गाठलं. "ताई, पोरीचं नाव बिलकुल बराबर हाय. ‘कु’पुढचं टिंब तिथं चालत न्हाई, एवढंच. अन् तो शब्द मशीनचा न्हाई, माझा हाय. माफ करा."

"मंग टिंब काढा, असं लिहायचं की! दुसरी कोणी असती तर न बोलताच गेली असती निघून."

फॉर्म भरला गेला. संध्याकाळी अजमतभाईंनी वसंताला फोन लावला. "सगळे निरोप पुन्हा लिहितो. परवानगी दे."

"लिही. इथलं मी बघतो," वसंता म्हणाला.

‘नावात कु., सौ. यांच्यापुढचं टिंब चालत नाही. ते काढून पुन्हा लिहा.’ ‘मोबाइल नंबर राहिला आहे.’ प्रत्येक वाक्य ते बायकोला, अकबरबीला, वाचून दाखवत. तिची मराठी बाजारापुरती. तिला कळलं, की ते पुढचं घेत.

शेवंताला प्रवेश मिळाला. वसंताच्या कंपनीचं मराठी काम तेव्हापासून अंबडलाच येऊ लागलं. आजही ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा चतुराबाईच्या घरी जातो. "ताई मुकाट्यानं गेल्या असत्या, तर मला कळलंच नसतं," अजमतभाई म्हणतात, आणि वसंताचं नाव निघालं, की त्यानं पाठवलेला तो जुना कॉम्प्युटर दाखवतात.