हेमलताच्या माथी मारलेली चूक

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. गंमत बघा — माझं काम काय, तर लोकांना मनातलं बोलायला शिकवायचं. छे, त्याच्याही वरची पायरी: लोकांना बोलतं करणाऱ्यांना शिकवायचं. आणि मीच मूग गिळून बसलेय. हसू येतंय ना? मलाही आधी यायचं.

कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पालघरला राहते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आम्ही मनाच्या स्वास्थ्याचे वर्ग चालवतो. कामगारांपुढे मी स्वतः फारशी बसत नाही. त्यांच्यातलेच काहीजण निवडायचे, त्यांना ‘सोबती’ म्हणून तयार करायचं, आणि मग ते आपल्याच कंपनीतल्या लोकांचा गट घेऊन बसतात. पद्धत साधी आहे — म्हणजे सांगायला साधी. भीती, राग, अपराधीपणा, जे काही मनात येतं त्याला हुसकावून लावायच्या मागे लागायचं नाही. आलंय ना, असू दे. त्याला जागा द्यायची आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करायला उठायचं. नियम मात्र एक कडक: गटात ऐकलेलं पोटात ठेवायचं. काही अडलं तर फक्त माझ्याकडे आणायचं, तेही नाव न घेता.

हेमलता मला अशाच एका प्रशिक्षणात भेटली. दातिवऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातली लेक, लग्न होऊन सरावलीला आलेली, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. मी पडद्यावर चित्रं दाखवत ‘भावनांचा स्वीकार’ समजावत होते आणि समोरची मंडळी जांभया देत होती. तेवढ्यात ही मागून म्हणाली, “ताई, म्हंजे बोटीवरच्या मळमळीसारखं? नवा माणूस दर्यात गेला का त्याला मळमळतंच. मळमळ थांबल मग जाळं ओढू, असं म्हटलं तर जाळं पाण्यातच ऱ्हाईल. मळमळतंय तर मळमळू दे, हात जाळ्यावर पायजेत.” सगळे एकदम जागे झाले. पुढे प्रत्येक प्रशिक्षणात मी तिची ही मळमळ सांगितली — आणि तिचं नाव घेऊन सांगितली, बरं का. एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. येते.

हेमलताच्या गटात सुरेंद्र नावाचा ऑपरेटर होता. उत्तरेकडचा, सालवडला बायकोबरोबर एका खोलीत राहणारा. हेल्पर म्हणून लागला आणि हळूहळू शिकत शिकत रिअ‍ॅक्टर सांभाळण्यापर्यंत पोचलेला. रिअ‍ॅक्टर म्हणजे ती रसायनं शिजवायची मोठी टाकी. तिच्यावर लोखंडी शिडीने चढावं लागतं. त्याच शिडीवरून त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा कामावरचा जोडीदार घसरला होता. तेव्हापासून शिडीला हात लावला की सुरेंद्रचे पाय लटपटायचे. कुणाला बोलला नव्हता. बायकोलाही नाही. आणि एके दिवशी गटात, सगळे उठून गेल्यावर, तो हेमलताला म्हणाला, “दीदी, सिर्फ आपको बोल रहा हूँ.”

ती हे माझ्याकडे घेऊन आली, नियमाप्रमाणे, नाव न घेता; ते मला पुढे कळलं. तिला एवढंच विचारायचं होतं — असा माणूस रोज वर चढतो, तर त्याला नुसतं ‘भीतीला जागा दे’ म्हणणं बरोबर आहे का? प्रश्न किती नेमका होता! त्यावर मी उत्तर द्यायला हवं होतं. मी उलट विचारलं, “कुठल्या खात्यातला गं?” मला काय करायचं होतं खात्याशी? काहीच नाही. नुसती खाज. तिला सांगायचं नव्हतं, पण मी तिची शिक्षिका. तिनं सांगितलं — प्लांटवरचा, जिथं त्या टाक्या आहेत.

त्यानंतर त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या साहेबांबरोबर माझी बैठक होती. वर्ग पुढे चालू ठेवायचे की बंद करायचे, ते साहेबच ठरवणार होते. भला माणूस, पण कंटाळलेला. म्हणाले, “मॅडम, हे सगळं छान आहे हो, पण यातून निघतं काय?” माझ्या कामाला कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना स्वभाव. मी तावातावाने म्हणाले, “काय निघतं? तुमच्याच प्लांटवर एक माणूस डोळ्यांदेखत जोडीदार घसरताना पाहून रोज थरथरत शिडी चढतो. इतके महिने तो कुणाजवळ बोलला नव्हता. आमच्या गटात बोलला. हे निघतं!”

नाव घेतलं नाही मी. पण त्या शिडीवरून जोडीदार घसरताना पाहिलेली माणसं असणार तरी किती? साहेब “अच्छा” म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. वर्ग चालू राहिले. खोटं कशाला बोलू — गेटबाहेर पडताना मी खूश होते.

त्याच आठवड्यात सुरेंद्रला प्लांटवरून काढून गोदामात हेल्पर केलं. कारण सांगितलं, सुरक्षा. आता कुणी म्हणेल, बरंच झालं की, तो वर चढत राहिला असता तर? हा विचार मीही स्वतःला पुष्कळदा भरवून पाहिलाय. पण त्याला कुणी विचारलं का? खाली बस, बोलूया, असं कुणी म्हणालं का? माझ्या एका फुशारकीने त्याने शिकून मिळवलेलं सगळं गेलं, आणि जाता जाता सगळ्या प्लांटला कळलं की हा घाबरतो.

आणि हे बाहेर कुणी फोडलं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. हेमलतानं. तिच्याशिवाय माहीत होतंच कुणाला?

ती माझ्याकडे पालघरला आली. दारातच चपला काढायच्या आधी तिनं विचारलं, “ताई, तुमी कोणाला बोललात काय? मी तर कोणाला बोलले नाय.”

इथे मी थांबतेय. कारण इथपर्यंतची माझी चूक घसरलेल्या जिभेची होती. पुढची तशी नाही.

मी म्हणाले, “नाही.” तेवढ्यावर तरी थांबायचं! पण तिच्या डोळ्यांत अजून प्रश्न होता, आणि तो मला सहन होईना. मग मी अगदी मायेनं, माझ्या त्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, “आठवून बघ हं. कंपनीच्या बसमध्ये मनीषा तुझ्या शेजारी असते ना? कधी बोलता बोलता काही गेलं असेल.” मनीषा तिची जिवाभावाची मैत्रीण. हेमलता दाराच्या चौकटीला टेकली. आठवू लागली. मी तिला आठवू दिलं. आणि शेवटी ती चाचरत म्हणाली, “असल ताई. एक डाव मी लय रडवेली होते, तवा तिनं विचारलंवतं. काय बोलले ते ध्यानात नाय. बोलले असेन.”

तिनं काही सांगितलं नव्हतं. तिला जे आठवलं ते मी तिच्या हातात दिलेलं होतं. आणि मी काय केलं असेल, सांगा बरं? मी माझी पद्धत वापरली. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अपराधी वाटतंय ना? वाटू दे. मळमळतंय तर मळमळू दे, हेमलता. हात जाळ्यावर ठेव.” तिचंच वाक्य. आता विचारा मला, तेव्हा लाज वाटली का? नाही वाटली. जीव भांड्यात पडला.

तिनं मात्र हात खरंच जाळ्यावर ठेवले. माझ्याकडून निघून ती थेट सालवडला गेली, सुरेंद्रच्या खोलीवर, आणि त्याच्या बायकोसमोर त्याचे पाय धरून म्हणाली, माझ्याकडून गेलं, माझी चूक झाली. हे तिनंच मला नंतर सांगितलं, शिकवलेला धडा नीट केल्यासारखं. बायकोनं दार लावून घेतलं. पुढे तो काम सोडून गावी गेला. तिच्या गटात लोक यायचे, गोलात बसायचे आणि म्हणायचे, “सब ठीक है, दीदी.” शेवटी तिनं सोबतीचं काम सोडलं. मनीषाशी बोलणं तर त्याआधीच तोडलं होतं, कारण मनीषा शपथेवर सांगत होती की मला कुणी काही बोललेलं नाही. बिचारी खरं बोलत होती.

मी आजही प्रशिक्षण देते. बोटीवरची मळमळ आजही सांगते. फक्त ती कुणाची, हे सांगणं बंद केलंय.

परवा बोईसरच्या बाजारात हेमलता भेटली. माहेरून सुका बाजार, म्हणजे सुकी मासळी, आणून विकत होती, पाटीमागे बसून. मला बघताच उठली. मी पुढे निघून जाणार होते, खरंच, पाय तसे वळलेच होते. तिनं हाक मारली. म्हणाली, “ताई, तवा तुमी होता म्हणून मी सावरले. दुसरं कोण असतं तर बोललं असतं मला. तुमी एका शब्दानं बोलला नाय.”

आजूबाजूला घासाघीस चालली होती. बोलायला जागा नव्हती असं नाही. तिच्या पाटीशेजारी बसता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं: तू बोलली नव्हतीस. मी बोलले. मी ती मनात अख्खीच्या अख्खी जुळवली. आणि म्हणाले, “अगं, त्यात काय एवढं.”

तिनं निवडून निवडून बोंबील पिशवीत भरले आणि माझ्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत. मी पिशवी घेतली. घरी आले, बटाटा घालून त्यांचं कालवण केलं आणि जेवले.