भत्तावाटपाच्या दिवशी कोण बोललं

धामणकोठ्याच्या बौद्धवाड्यात झुलालचं घर होतं आणि त्या घरात भूतखेत हा विषय बंद होता. झुलालच्या वडिलांनी धर्म घेतला तेव्हाच देव्हारा, नवस, भगताचा अंगारा सगळं नदीत सोडलं होतं. झुलालची बायको भिकुबाई त्याच घरात वीस-बावीस वर्षं नांदलेली. अमावास्येला लिंबू ओलांडून जाणारी, पिंपळाखालून एकटी सरपण आणणारी. त्यामुळे सत्त्याऐंशी सालच्या दुष्काळात तिच्यामागे जे लागलं, ते ती कोणाला सांगूही शकली नाही.

त्या वर्षी धुळे जिल्ह्यात नद्यांची नुसती वाळू उरली होती. गावातले अर्धेअधिक लोक ऊसतोडीला गुजरातेत गेले. भिकुबाई गेली नाही. ती रोजगार हमीच्या नालाबांधावर दोन उन्हाळे खपली होती, धुळ्याला मजुरांच्या एका शिबिरात बसून आली होती, आणि तिथे ऐकलेली एक गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली होती. मजुराने लेखी काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर सरकारने बेकारभत्ता द्यायचा. मेहरबानी म्हणून नाही, कायद्याने.

तिने वाड्यातल्या आणि गावातल्या बाया गोळा केल्या. त्यांत चिंधाची बायको पार्वताबाई होती. गावाच्या वरच्या आळीतली, कुणबी घरातली, पण जमीन नसलेली. बांधावर दोघींनी एकाच जोडीने माती वाहिली होती. एकीने घमेलं भरायचं, दुसरीने उचलायचं. चिंधा उसाला निघाला तेव्हा पार्वताबाईचंही बोचकं बांधून झालं होतं. भिकुबाईने तिला वाटेत गाठलं.

"जाऊ नको पारवता. सरकार काम दी, नही ते भत्ता दी."

"तुना कायदा भाकरीसंगे खाता यी का, अक्का?" पार्वताबाई हसली. पण घरात म्हातारी सासू होती, कमलबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली. तिला एकटीला टाकून जायचं पार्वताबाईच्या जिवावर आलंच होतं. तिने बोचकं सोडलं.

अर्ज गेले, तलाठ्याने पोच दिली, आणि काम काही निघालं नाही. मग भत्त्याचा अर्ज गेला. तालुक्याच्या कचेरीत कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद खालच्या टेबलावर, कधी वरच्या. एकदा सांगितलं, काम होतं की, तुम्हीच गेला नाहीत. काम कुठे होतं ते मात्र कोणाला सांगता येईना. नंतर सांगितलं, मंजुरी वरून यायची आहे. मंजुरी आली का हे विचारायलाच दर खेपेला जावं लागे. एसटीचं भाडं कोणाला परवडत नव्हतं. बाया आळीपाळीने पायी जायच्या, आणि भिकुबाई प्रत्येक खेपेला असायचीच.

वैशाखातल्या एका खेपेला तिच्याबरोबर पार्वताबाईची पाळी होती. कचेरीत दुपारपर्यंत बसवून पुढच्या आठवड्यात या म्हणाले. परतताना ऊन असं होतं की डोळ्यापुढे रस्ता हलत होता. नाल्याच्या अलीकडे एकच हिवराचं झाड होतं. पार्वताबाई त्याच्या सावलीत टेकली.

"अक्का, तू चाल पुढे. मी मांगेमांगे येस."

भिकुबाईच्या घरी झुलाल तापाने पडला होता. तिने पिशवीतली पाण्याची बाटली पार्वताबाईजवळ ठेवली आणि ती निघाली. गावात शिरेपर्यंत तिने एक-दोनदा वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. झुलालच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून ती पुन्हा बाहेर आली, कमलबाईकडे गेली. सून आली नव्हती. माणसं नाल्याकडे धावली. पार्वताबाई झाडाला पाठ लावून बसली होती, पदर डोक्यावर नीट घेतलेला. बाटली भरलेलीच होती. तिने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. भिकुबाईला कोणी बोल लावला नाही. कमलबाईनेही नाही.

तेरावं झालं, चिंधा येऊन परत गेला, आणि कचेरीची पुढची खेप आली. बाया भ्यायला लागल्या होत्या, त्यामुळे भिकुबाई एकटीच निघाली. परतताना नाला ओलांडला आणि तिला मागून पावलं ऐकू आली. घाईची नव्हेत. दमलेल्या बाईची, तुटक्या वहाणेची. एक पाऊल नीट, एक घासत. ती थांबली. पावलंही थांबली. वळून पाहिलं तर मागे नुसतं ऊन. ती चालायला लागली, की पुन्हा तेच.

गावात शिरल्यावर आवाज गेला. पुढच्या खेपेला पुन्हा आला. ती भरभर चालली, तर पावलं मागे पडायची आणि त्यात धाप मिसळायची. ते तिला फार लागायचं. मग ती मुद्दाम सावकाश चालू लागली. हिवराजवळ क्षणभर उभी राहू लागली. एकदा तर ती त्या मोकळ्या रस्त्याला म्हणाली, "ये माय, ये. काही घाई नही."

घरी झुलालने विचारलं, "हल्ली तुला उशीर का होतो?"

"पाय दुखतात," ती म्हणाली. या घरात दुसरं काय सांगणार? दुसऱ्या कोणाच्या घरात असती तर भगताकडे गेली असती, कोंबडं दिलं असतं, मोकळी झाली असती. तिच्यापुढे ती वाट नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की पार्वताबाई ज्यासाठी त्या रस्त्यावर चालत होती ते अजून मिळालेलं नाही. म्हणून ती कचेरीत जात राहिली. आधी ती हात जोडून उभी राहायची. आता टेबलासमोर बसकण मारायची आणि उठायची नाही. कारकुनांना तिची थोडी भीतीच वाटू लागली. ती बोलता बोलता मध्येच मान वळवून दाराकडे बघायची, कोणी आत यायचं राहिलंय तसं.

श्रावणात मंजुरी आली. रक्कम म्हणाल तर चहापानाची. पण तालुक्यात बेकारभत्ता कोणाला मिळालाय हेच कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. वाटपाच्या दिवशी चावडीसमोर सगळी आळी लोटली. पार्वताबाईचं नाव यादीतून कमी करा, वारस लावा, हे भिकुबाई दोनदा सांगून आली होती. कमलबाईलाही तिने हाताला धरून आणून ओट्यावर बसवलं होतं. कारकून हिलाल खुर्चीवर बसून नावं पुकारू लागला. नाव घेतलं की बाई "आहे" म्हणायची, पुढे होऊन अंगठा द्यायची.

"पार्वताबाई चिंधा."

"शे ना भाऊ. आठेच शे."

इथेच आहे, असा आवाज स्पष्ट आला, थोडा दमलेला. हिलालने मान वर न करता खूण केली आणि शाईचा डबा पुढे सरकवला. कोणीच पुढे आलं नाही. चावडीवरचा गलका हळूहळू बसत गेला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. ओट्यावरच्या कमलबाईने आपली न दिसणारी नजर गर्दीच्या पार मागे, जिथे कोणीच उभं नव्हतं तिथे वळवली आणि तशीच ठेवली.

"कोण बोललं? या पुढे," हिलाल म्हणाला.

"भाऊ, ती वैशाखात मेली," कोणीतरी म्हणालं.

हिलाल ताडकन उठला. त्या काळी हजेरीपटावर मेलेली माणसं लावून पैसे उचलण्याची प्रकरणं गावोगाव गाजत होती, आणि त्याला आपली नोकरी दिसली. "मेलेल्या बाईच्या नावाने ओ देता? सगळी यादीच बोगस दिसतेय!" त्याने पेटी बंद केली. ज्यांना मिळाले होते त्यांना मिळाले. बाकीच्यांचे तसेच राहिले. जीप धूळ उडवत निघून गेली.

चौकशी लागली. तोवर गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, भिकुबाईच बोलली. पार्वताचा घोर तिला लागलाय, तिला भान नव्हतं. कोणी म्हणे, पार्वताच आली होती, हक्काचं घ्यायला. भिकुबाईने रात्रंदिवस आठवून पाहिलं. नाव पुकारलं तेव्हा आपली छाती भरून आली होती, हे तिला आठवत होतं. आपलं तोंड उघडलं का, हे आठवत नव्हतं.

तालुक्याहून चौकशीला एक प्रौढ अधिकारी आले. शांत माणूस. चावडीत बसून त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पाहा, मी कागदावर काय लिहू? आवाज आला पण बाई नव्हती, असं लिहिता येत नाही. कोणी चुकून बोललं असेल तर तेवढी एकच चूक धरता येईल, बाकीच्यांचं वाटप होईल. कोणीच बोललं नसेल, तर संपूर्ण यादी तपासाला जाईल. किती महिने, सांगता येत नाही."

बाया खाली बघत होत्या. त्यांच्यात एक बाळंतीण होती, एक जण घर गहाण टाकून बसली होती.

भिकुबाई उभी राहिली. "मीच बोलली साहेब."

"का?"

"बांधावर तिला उशीर झाला की हजेरीला तिच्या नावाची ओ मीच द्यायची. सवय होती. तोंडातून निघून गेलं."

हे खोटं होतं. पार्वताबाईला बांधावर कधीच उशीर होत नसे. साहेबांनी कागद पुढे ओढला. मग विचारलं, "ती बाई काम मागायला खरंच आली होती?"

"काम मागायला आली, भत्ता मागायला आली, आणि मागून परत येताना गेली. आणखी कशी येणार साहेब?"

साहेबांनी लिहून घेतलं. भिकुबाईने अंगठा न देता सही केली, चौथीपर्यंत शिकलेली होती. त्यांनी तिला तोंडी समज दिली, ती तिने मान खाली घालून ऐकली. पुढच्या पंधरवड्यात उरलेलं वाटप झालं. पार्वताबाईच्या वाट्याचे पैसे, चिंधा गुजरातेतच असल्याने, वारस म्हणून कमलबाईच्या हातावर ठेवले गेले. म्हातारीने ते चाचपले, कनवटीला लावले, आणि घरी जाताना भिकुबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "साहेबले खोटं सांगं तू."

"तुले कसं कळनं?"

"डोया गयात मना, कान नही गयात."

त्यानंतर म्हातारी चार वर्षं जगली. तोवर भिकुबाईची भाकरी तिच्याकडे जात राहिली, आणि दोघींमध्ये तो विषय पुन्हा निघाला नाही.

पैसे मिळाले की पावलं थांबतील, असं भिकुबाईला वाटलं होतं. थांबली नाहीत. आजूबाजूच्या गावच्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या, कोणाचं काम निघत नव्हतं, कोणाची मजुरी अडकली होती. ती त्यांना घेऊन त्याच रस्त्याने कचेरीत जायची. बरोबर कितीही बाया असोत, ती सगळ्यांच्या मागे चालायची. पुढे कोणी रेंगाळलं तर चालेल, मागे कोणी एकटं राहायचं नाही, असा तिचा दंडक होता. त्याचं कारण बाया विचारत नसत. ज्यांनी ओळखलं होतं त्यांनी इतर बायांना सांगितलं नाही.

नव्वद सालच्या सुमाराला एकदा झुलालला तालुक्याला काम निघालं आणि तो तिच्याबरोबर आला. परतताना उन्हं डोक्यावर होती. नाला ओलांडल्यावर ती नेहमीसारखी सावकाश झाली. तो दोन पावलं पुढे होता; चालता चालता बोलायचा थांबला. त्याने वळून पाहिलं नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने घाम पुसला, आणि रस्ता चांगला रुंद असूनही तो कडेच्या काट्यांमध्ये उतरून उभा राहिला, मागून येणाऱ्याला वाट देतात तसा.