भुजलीच्या वहीतलं पान

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, लेकींना सांगितली नाही. देवापुढेही कधी तोंडाने बोलले नाही. त्याला माहीत असेल तर असेल. आता माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं. जिच्यापाशी बोलायला हवं होतं ती चार वर्षांपूर्वी वारली, म्हणून तुमच्यापाशी बोलते. तुमची-माझी ओळख नाही, ते एका परीने बरंच आहे.

आधी भुजली म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे श्रावणात पोरी टोपलीत माती भरून गहू पेरतात आणि टोपली अंधारात ठेवतात. पिवळे कोंब येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या तलावात शिरवायच्या, म्हणजे विसर्जन करायच्या, आणि थोडे कोंब हातात ठेवायचे. दोघी पोरींनी ते एकमेकींच्या कानावर खोचले की त्या जन्माच्या भुजल्या झाल्या. मग एकीने दुसरीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हाक मारायची ती भुजली म्हणूनच. तिच्या आईबापाला आपले आईबाप मानायचं. तिच्याशी खोटं बोलायचं नाही. तिचं नाव मी इथेही घेत नाही — तेवढा एक नेम पाळला. बाकीचे?

इंग्रजांचं राज्य जायला अजून पाच-सहा वर्षं होती. आम्ही दोघी दवनीवाड्याच्या, दोघींच्या घरी धानाची शेती, दोघी चौथी पास झालेल्या. चौथीच्या पुढे गावात शाळाच नव्हती. पण नवे मास्तर भंडाऱ्याकडून आले होते, तरुण होते, आणि पोरींनी शिकावं असं त्यांना फार वाटे. ते आम्हाला संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवू लागले. मास्तरीणबाई शेजारी बसून तांदूळ निवडायच्या. फुकट शिकवत होते, म्हणून आमच्या बापांनी हरकत घेतली नाही.

अक्षरं झाली, लहान शब्द झाले, आणि मग मास्तरांनी एकच शब्द काढला — टेक. म्हणाले, या एका क्रियापदावर महिनाभर बसू. त्यांच्याकडे एक जाडजूड कोश होता, त्यात या शब्दाला दोन पानं दिली होती. घेणे म्हणजे टेक, हे आम्हाला ठाऊक होतं. पण औषध पितात तेही टेक, आंघोळ करतात तेही टेक, निरोप, विसावा, फोटो, सगळ्याला तेच. मी म्हटलं, गुरुजी, या इंग्रजांच्या घरी भांडं एकच दिसते, त्यातच भात शिजवतात अन् त्यातच आंघोळ करतात. मास्तरीणबाईंच्या हातातलं सूप हललं, इतक्या हसल्या त्या. धानाच्या रोवणीला चिखलात उभ्या राहून आम्ही दोघी त्या शब्दाचा खेळ खेळायचो. एकीने एक उपयोग सांगायचा, दुसरीने दुसरा, जी अडली ती हरली. नेहमी मीच हरायची. ती हुशार होती. माझ्याहून पुष्कळ हुशार होती, हे आज म्हणायला मला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं.

मास्तरांनी कोशातली वाक्यं दोघींच्या वहीत आपल्या हाताने, लाल शाईने, उतरवून दिली. एका पानाच्या दोन्ही बाजू भरून. तीच वाक्यं तिच्या वहीत, तीच माझ्या वहीत. हे ध्यानात ठेवा.

कार्तिकात मास्तरांनी नागपूरला पत्र लिहिलं. तिथे मुलींची शाळा होती, राहण्याजेवण्याची सोय होती. उत्तर येईपर्यंत आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं — जाऊ तर दोघी, नाहीतर कोणीच नाही. मी नाही, तीच आधी म्हणाली. "तुले सोडून मी जाईन का भुजली? तिथं मायाशी इंग्रजीत कोण हरन?" असं म्हणाली आणि माझ्या पाठीत धपका मारला.

मग एक दिवस मी मास्तरीणबाईंकडे ताक मागायला गेले. त्या सहज बोलून गेल्या, की एकच जागा मिळाली, तुझ्या भुजलीच्या वडिलांनी होकार दिला, संक्रांत झाली की ती निघेल. मग त्यांनीच जीभ चावली. तुला इतक्यात सांगू नका असं ती म्हणाली होती म्हणे. आठ दिवस झाले होते होकाराला. आठ दिवस ती माझ्याबरोबर पाणी भरत होती, हसत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं. एकच जागा होती, तीत तिचा काय दोष? काही नाही. पण मला सांगू नका म्हणाली, हा? तो तिचाच. आज इतकी वर्षं झाली, तिची राखही उरली नाही, तरी ते "सांगू नका" आठवलं की मला अजून राग येतो. खोटं कशाला सांगू?

ताक तिथेच ठेवून मी घरी आले.

आता ते सांगते. टाळून राहिले आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

तिच्या घरी तिची एक विधवा आत्या राहायची. पोरगी नागपूरला जाणार हे त्या बाईला मुळीच पसंत नव्हतं. तिच्या हाती वही लागली. तिला अक्षरओळख नव्हती, पण पोरीच्या काळ्या शाईत मध्येच एक पान लाल शाईचं, बाप्याच्या हातचं, एवढं तिला दिसलं. तिने भावाचे कान भरले — तरण्या मास्तराने पोरीच्या वहीत एवढं काय लिहून ठेवलं? त्या घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं. गावात कोणालाच येत नव्हतं. मास्तराला विचारावं तर चोरालाच चोरी विचारण्यासारखं. राहिली कोण? मी.

तिचे वडील खळ्यावर आले. मी त्यांना बाबाच म्हणायची. आमची माणसं जेवायला गेली होती, मी एकटी धान राखत होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, धोतराच्या सोग्यातून वही काढली आणि म्हणाले, "वाच बेटी. तू मायी दुसरी पोरगी. काय लिवलं आहे मास्तरानं?"

ते पान मला तोंडपाठ होतं. त्यात औषध घ्या होतं, गाडी पकडा होतं, टोपी काढा होतं. आणि मध्ये मध्ये, कोशात असतात तशी, दुसरीही होती. मी त्यातली तीनच वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द, जसं शिकवलं होतं तसं. माझा हात हातात घे. मला तुझ्यासोबत ने. त्याने तिला बायको करून घेतलं.

कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोलले नाही. अर्थ तर बरोबरच होता ना? मास्तरांनी मला पुरे गुण दिले असते. पण तेही खरं नाही. कारण बाबांनी त्यावर विचारलं, "अन् बाकीचं? सारं असंच आहे का?"

हा धडा आहे बाबा, माझ्याही वहीत आहे — एवढंच सांगायचं होतं. किती शब्द होतात? मी म्हणाले, "बाकीचं मले समजत नाही."

त्यांनी वही मिटली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू वाचलं हे मी कोणाले सांगणार नाही, पोरीच्या जातीचं नाव यात नको. वही घेऊन गेले. मी घरी गेले, माझ्या वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. त्यावर आईने भात टाकला.

मास्तरांना गावातल्या चार माणसांनी जाऊन सांगितलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. उद्या गाडी जुंपून देतो, एवढंच. मास्तरीणबाई गाडीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. माझ्या भुजलीला तिच्या आत्याने धोपटलं. ती ओरडून सांगत होती, भुजलीच्या वहीत पाहा, हेच आहे तिच्याही वहीत. आत्या आमच्या घरी आली. मी वही पुढे केली. तीत ते पान नव्हतं.

नंतर विहिरीवर भेटली तेव्हा तिचा ओठ सुजलेला होता. मी म्हटलं, भेवानं फाडलं. ती म्हणाली, "बरं केलं भुजली. नाही तर तुयेही हेच हाल झाले असते." पान कोणी वाचलं असेल? तिला वाटलं, बाबांनी गोंदियाला नेऊन स्टेशनावरच्या कोण्या बाबूकडून वाचून घेतलं. मी त्या बाबूला दोन शिव्या घातल्या.

फाल्गुनात तिचं लग्न लावलं, बालाघाटाकडे, तिच्या दुप्पट वयाच्या माणसाशी. तिची धूळधाण झाली असं म्हणणार नाही. घरी धान होतं, म्हशी होत्या, पुढे चार लेकरं झाली. मला नागपूरला कोणी पाठवलं नाही. मास्तरच गेले, पाठवणार कोण?

इंग्रज गेले त्याच साली तिचे वडील वारले. ऐकलं तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? मी सुटले, असं वाटलं. जाणणारं एकच माणूस होतं, ते गेलं. ती दहाव्याला आली, कडेवर पोर घेऊन. दोघी तलावावर कपडे धुवायला गेलो. धुता धुता ती थांबली आणि म्हणाली, एक गोष्ट मनात जळून राहिली आहे. नागपूरला एकटीनेच जायचं तिने कबूल केलं होतं, आणि माझ्यापासून लपवलं होतं. म्हणाली, भुजलीशी दगा केला म्हणून देवानं हे दिवस दाखवले. रडत होती. "मले माफ कर भुजली," म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, तिनेच दार उघडलं होतं. मी हातातला कपडा पिळला, दगडावर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे भुजली. म्या तुले कवाचंच माफ केलं."

तिने वाकून माझे पाय धरले. मी धरू दिले.