त्याच्या आईचा फोटो

हॉटेलात समोरच्या टेबलावरच्या मुलीने स्वतःचा फोटो मित्राला पाठवला आणि म्हणाली, "कुणाला दाखवू नकोस हं." तो मान हलवून हसला.

मी माझा फोटो पाठवला तेव्हा माझा त्या वेळचा मित्र अविनाशही असाच हसला होता. आठवड्याभरात ओल्या केसांतला माझा फोटो त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर फिरत होता, आणि वर तो मलाच म्हणाला, "एवढं काय त्यात?"

पाठवलेला फोटो परत मागता येत नाही. न पाठवलेला मात्र आपल्याच मुठीत राहतो.

गेल्या महिन्यात त्याची आई गेली. तिचा हसरा फोटो एकच, मी काढलेला, माझ्याच फोनमध्ये. तेराव्याला घरच्यांनी हार घातला तो आधार कार्डावरच्या चेहऱ्याला. आज पुन्हा त्याचा मेसेज आला, "प्लीज, तेवढा फोटो पाठव."

मी चहा संपवला आणि सावकाश लिहिलं, "एवढं काय त्यात?"